पहाटेची फेरी की जेवणानंतरची शतपावली?

मधुमेह असलेल्या वडोदऱ्यातील अनेक मराठी ज्येष्ठांना कमाटीबागेतील पहाटेची फेरी प्रिय असते, आणि आठवड्याला 150 मिनिटे भरभर चालणे हृदयाला व रक्तदाबाला हितकारक असल्याने ती मोडू नये. मात्र जेवणानंतर चढणारी साखर आवरायची असेल, तर माझा कौल शतपावलीलाच आहे: वरणभात पोटात गेल्यावर रक्तातील साखर वाढू लागते, आणि नेमके तेव्हाच 10 ते 15 मिनिटे चालल्यास पायांचे स्नायू ती इन्सुलिनच्या फारशा मदतीविनाही ओढून घेतात. रात्री तर हे अधिकच गरजेचे, कारण जेवून उठताच आपण आडवे होतो. त्यासाठी गच्चीही पुरते. इन्सुलिन घेणाऱ्यांनी उपाशीपोटी लांब फेरीला निघण्यापूर्वी डॉक्टरांना अवश्य विचारावे.