जनरेटरचा आवाज: पेटी की लांब वायर?

वडोदऱ्यात दांडिया बाजारातल्या गणपतीला जनरेटर मांडवालगतच धडधडत असला की आरतीची झांजही ऐकू येत नाही. प्लायवूडची, आतून रॉकवूल (दगडापासून केलेली, आवाज शोषणारी लोकर) लावलेली पेटी आवाज बराच दाबते. पण हवेला वाट ठेवावीच लागते, नाहीतर इंजिन तापतं. आणि त्याच वाटेने आवाजही निसटतो. त्यापेक्षा मला लांब वायर टाकून जनरेटर दूर ठेवणं पटतं. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट केलं की आवाज साधारण ६ डेसिबलने उतरतो. वायर मात्र जाड हवी, नाहीतर व्होल्टेज पडतं. वाड्याच्या चौकात भिंतींमुळे आवाज घुमतो, तिथे हा हिशोब लागू होत नाही. तिथे जनरेटर ठेवूच नये. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइड वायूला वास नसतो, आणि हा वायू जीव घेतो.