मनगटाला बसणारं घड्याळ : एचएमटी जनता, आठ-नऊ महिन्यांच्या वापरानंतर

माझं मनगट साधारण 15 सेंटिमीटर. एवढ्या मनगटाच्या बाईने रोज वापरायला घड्याळ मागितलं की दुकानदार ‘लेडीज’ ट्रे पुढे सरकवतो. त्यात नखाएवढ्या डायलची, आकड्यांच्या जागी खडे लावलेली घड्याळं, आणि बहुतेकांना सेकंदकाटाच नाही. शेजारच्या ‘जेंट्स’ ट्रेमध्ये सगळा 42 ते 44 मिलिमीटरचा माल. मी हायस्कूलला शिकवते. मला तास संपायला किती मिनिटं उरली हे फळ्यावर लिहिता लिहिता दिसायला हवं, आणि लिहिताना घड्याळ मनगटाच्या हाडावर टोचायला नको. या दोन ट्रेंच्या मधलं काही हवं होतं, ते शेवटी एचएमटीच्या ‘जनता’मध्ये मिळालं. पावसाळा, हिवाळा आणि उन्हाळा तिन्ही त्याच्यासोबत काढले, म्हणून आता सविस्तर लिहिते आहे.

आधी मापाबद्दल, कारण घड्याळ घेताना लोक सगळ्यात कमी विचार त्याचाच करतात. ‘जनता’ची केस, म्हणजे मशीन बसवलेलं बाहेरचं धातूचं घर, सुमारे 35 मिलिमीटर. पण केसचा व्यास हे अर्धंच माप झालं. पट्टा अडकवायचे जे कान असतात, त्यांच्या वरच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंतचं अंतर मोजा. घड्याळ मनगटावर बसणार की बाहेर लोंबणार, हे त्या अंतरावर ठरतं. मनगट टेबलावर पालथं ठेवा, वरच्या सपाट भागाची रुंदी फूटपट्टीने मोजा, आणि कानांमधलं अंतर त्यापेक्षा कमी असेल तरच घड्याळ घ्या. माझा सपाट भाग पाच सेंटिमीटरच्या किंचित आत भरतो; ‘जनता’ त्यात सहज मावतं आणि दोन्ही बाजूंना जागा उरते. 40 मिलिमीटर व्यासाची काही घड्याळं कान आखूड असल्यामुळे छान बसतात, आणि 38ची काही लांब कानांमुळे बसत नाहीत. ऑनलाइन घेणाऱ्यांनी हे अंतर विचारल्याशिवाय पैसे भरू नयेत.

साठ-सत्तरच्या दशकात पुरुषांची घड्याळंही 34 ते 36 मिलिमीटरचीच असायची. तेव्हाच्या फोटोंमध्ये आपल्या आजोबांच्या मनगटावर जे दिसतं ते हेच माप. त्यामुळे ‘हे जेंट्स आहे, तुम्हाला मोठं होईल’ असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. माझ्या हातावर ते मोठं दिसत नाही आणि माझ्या भावाच्या जाड मनगटावर लहान दिसत नाही, दोघांनी घालून पाहिलं आहे.

डायल पांढरी, आकडे काळे, कडेला मिनिटांच्या बारीक रेघा, मधोमध लाल नाही की निळा नाही असा साधा सेकंदकाटा, आणि देवनागरीत ‘जनता’. तारीख नाही, वार नाही. तारखेची खिडकी नसल्याचं मला सुख आहे: तीनचा आकडा पूर्ण दिसतो, आणि दर 30 दिवसांच्या महिन्यानंतर तारीख पुढे सरकवायचं काम नाही. बोर्डाच्या परीक्षेत पर्यवेक्षकालाही मोबाईल बाहेर ठेवावा लागतो. वर्गातलं भिंतीवरचं घड्याळ बंद असलं की शेवटच्या अर्ध्या तासात मुलं वर बघून ‘मॅडम, किती राहिले?’ एवढंच विचारतात. अशा वेळी मान खाली न घालता, हात किंचित वळवून 1 वाजून 42 झाले हे वाचता येणं म्हणजे काय ते शिक्षकाला विचारा. अंधारात मात्र काही दिसत नाही, काट्यांवर चमकणारा रंग नाही. रात्री वेळ बघायची असेल त्यांनी त्याच कंपनीचं ‘पायलट’ पाहावं.

आता चावी. हे बॅटरीचं घड्याळ नाही. आत 17 ज्वेल्सचं (चक्रांचे आस झिजू नयेत म्हणून बसवलेले खडे) 0231 क्रमांकाचं मशीन आहे, तासाला 18,000 ठोके, म्हणजे सेकंदाला पाच. कानाशी धरलं तर ते ठोके स्पष्ट ऐकू येतात. पूर्ण चावी दिली की दीड दिवस आरामात चालतं, पण मी रोज सकाळी चहा झाल्यावर देते. स्प्रिंग रोज एकाच वेळी सारखी ताणली गेली की वेळही एकसारखी राहते. घड्याळ हातातून काढून चावी द्यायची. मनगटावर असताना चावी तिरकी ओढली जाते आणि आतल्या दांडीवर ताण येतो. अंगठा आणि तर्जनीमध्ये धरून पुढे-मागे फिरवत राहायचं, पंचवीस-तीस वेळा झालं की बोटाला अडथळा जाणवतो. तिथे थांबायचं.

वेळेच्या बाबतीत खरं सांगते, बॅटरीवर चालणाऱ्या क्वार्ट्‌झशी याची तुलना होत नाही. क्वार्ट्‌झचा स्फटिक सेकंदाला 32,768 वेळा कंप पावतो, तो महिन्याला पंधरा-वीस सेकंद इकडेतिकडे होतो. माझं ‘जनता’ दिवसाला तेवढं पुढे जातं. सकाळी 7:10च्या पुणे आकाशवाणीच्या बातम्यांना आठवड्यातून दोनदा मिळवून घेते आणि मग तासाच्या घंटेशी कधी भांडण होत नाही. चावी बाहेर ओढली तरी सेकंदकाटा थांबत नाही, त्यामुळे सेकंदाला सेकंद जुळवायचा हट्ट सोडावा लागतो. एक गोष्ट मात्र वापरताना लक्षात आली: रात्री घड्याळ डायल वर करून ठेवलं तर थोडं जास्त पुढे जातं, चावी खाली करून उभं ठेवलं तर कमी. आतल्या डोलणाऱ्या चक्रावर आणि त्याच्या केसासारख्या बारीक स्प्रिंगवर गुरुत्वाकर्षणाचा परिणाम स्थितीनुसार बदलतो, त्यामुळे असं होतं. आपल्या घड्याळाचा कल ओळखला की नुसतं ठेवण्याची पद्धत बदलून दिवसाचे चार-पाच सेकंद सावरता येतात. मला यात खूप आनंद मिळतो. घड्याळ एकदम मिनिटंच्या मिनिटं पुढे पळायला लागलं तर आधी चुंबकाचा संशय घ्या: पर्सचं चुंबकी बटण, मोबाईलचं कव्हर, स्पीकर. दुरुस्तीवाल्याकडे चुंबकत्व काढायचं यंत्र असतं, काम मिनिटभराचं.

पाऊस ही या घड्याळाची मोठी मर्यादा. आमच्याकडे जून ते सप्टेंबर हवाच ओली असते. ‘जनता’ पाण्यासाठी बनलेलं नाही, म्हणून जुलै-ऑगस्टात ते डब्यात तांदळासारखे दिसणारे, ओल शोषणारे सिलिका जेलचे दाणे घालून ठेवलं आणि फक्त उघडीप असलेल्या दिवशी घातलं. भांडी, धुणं, अंघोळ, सगळ्याच्या आधी काढायचं. ज्यांना हे जमणार नाही त्यांनी बिनदिक्कत क्वार्ट्‌झ घ्यावं. कॅसिओचं एमक्यू-24 काट्यांचं आहे, साधारण 35 मिलिमीटरचं, वजन 20 ग्रॅम, हातावर असल्याचं कळतही नाही. एफ-91डब्ल्यू डिजिटल आहे, 1989पासून चालू आहे आणि बॅटरी सात वर्षं जाते. आणि कुठल्याही घड्याळावर ‘30 मीटर वॉटर रेझिस्टंट’ लिहिलेलं असलं तरी त्याचा अर्थ शिंतोडे सहन होतील इतकाच. ते घालून पोहायचं नाही.

काच प्लॅस्टिकची आहे, त्यामुळे ओरखडे पडतात. खडूच्या धुळीत तर हमखास. पण या काचेचा गुण असा की ती घासून नवी करता येते. मऊ सुती फडक्यावर वाटाण्याएवढी पांढरी टूथपेस्ट घेऊन गोल गोल पाच मिनिटं घासायची, ओल्या फडक्याने पुसायची. डस्टरच्या लाकडी कडेने पडलेला एक लांब ओरखडा असाच गेला. पट्टा 18 मिलिमीटरचा लागतो. चामड्याचा पट्टा घामाने कुजतो, म्हणून एप्रिल-मेमध्ये मी नायलॉनचा लावते. धुऊन रात्रभर वाळवता येतो.

या घड्याळामागे बराच इतिहास आहे. एचएमटीने जपानच्या सिटिझनच्या सहकार्याने बंगळूरला घड्याळांचा कारखाना 1961 मध्ये सुरू केला आणि पहिली खेप पंडित नेहरूंच्या हस्ते बाहेर पडली. आमच्या घरात लग्नात जावयाला द्यायचं ते ‘कांचन’, शिक्षक-कारकुनांच्या हातात असायचं ते ‘जनता’. जानेवारी 2016 मध्ये केंद्र सरकारने एचएमटी वॉचेस बंद करायला मंजुरी दिली, आणि तेव्हापासून जुन्या मालाची मागणी भलतीच वाढली.

त्याचाच एक दुष्परिणाम बाजारात दिसतो. ऑनलाइन मिळणारी पुष्कळ ‘जनता’ निरनिराळ्या घड्याळांचे भाग जोडून, डायल नव्याने रंगवून केलेली असतात. संग्राहकांमध्ये अशा मालाला ‘मुंबई स्पेशल’ असं नावच पडलं आहे. भडक नारंगी, पोपटी डायल, त्यावर विमानं किंवा झेंडे दिसले की पुढे सरका. पांढऱ्या डायलवरही भिंगातून अक्षरं पाहा: मूळ छपाईच्या कडा स्वच्छ असतात, रंगवलेल्या डायलवर शाई पसरलेली दिसते आणि मिनिटांच्या रेघा आकड्यांशी जुळत नाहीत. केसवरचं क्रोम घामाने उडतं, ते कानांच्या आतल्या बाजूला आधी दिसतं. मी माझं घेतलं ते गावातल्या जुन्या दुकानात पडून राहिलेलं, न वापरलेलं. तरी घेतल्या घेतल्या ऑईलिंग करून घेतलं, कारण वर्षानुवर्षं बंद असलेल्या मशीनमधलं तेल घट्ट होतं आणि तसंच चालवलं तर चक्रांचे टोकदार आस झिजतात. घेताना दुकानदाराला मागचं झाकण तुमच्यासमोर उघडायला सांगा, मशीनवर 0231 कोरलेलं आहे का आणि गंजाचे ठिपके आहेत का ते बघा. झाकण उघडायला जो नकार देतो, त्याच्याकडून घेऊ नका.