जुनी कर्नल काढली, आकडा उतरला. वेगाचं काय?

उबुंटू २२.०४ लिनक्स, फिरती हार्डडिस्क, ८ जीबी रॅम. नाशिकच्या अंबड एमआयडीसीतल्या छोट्या कारखान्यांच्या ऑफिसात असली मशीन अजून सर्रास चालतात. सॉफ्टवेअर उतरवून इन्स्टॉल करणारं ‘ॲप्ट’ रेंगाळलं की सल्ला ठरलेला: जुनं सगळं साफ करा. काही महिने तेच करून पाहिल्यावर मत असं की साफसफाई जरूर करा, पण वेगासाठी नको.

‘ॲप्ट क्लीन’चा वेगाशी काहीच संबंध नाही. त्याने मुख्यतः उतरवून ठेवलेल्या डेब फाइल्स, म्हणजे इन्स्टॉल करायची पॅकेजं, जातात. २०१६ च्या १.२ आवृत्तीपासून ‘ॲप्ट’ त्या इन्स्टॉल झाल्यावर आपणच पुसतं. साठतात त्या ‘ॲप्ट-गेट’ या जुन्या कमांडच्या. चार मशीन एकाच आवृत्तीची असतील तर त्या फाइल्स पेन ड्राइव्हने बाकीच्या मशीनच्या आर्काइव्ह्ज फोल्डरमध्ये टाका, इंटरनेटचा डेटा वाचतो. पैसे मोजून उतरवलेलं पुसायची घाई कशाला?

खरा मोह इन्स्टॉल करताना दिसणाऱ्या ‘रीडिंग डेटाबेस’ पुढच्या आकड्याचा, म्हणजे मशीनवरच्या एकूण फाइल्सच्या संख्येचा. एकेका कर्नलच्या (सिस्टिमचा गाभा) हेडर पॅकेजांमध्ये हजारो बारक्या फाइल्स असतात. गरज संपलेली पॅकेजं काढणाऱ्या ‘ऑटोरिमूव्ह’ला ‘पर्ज’ (सेटिंगसकट पुसणं) जोडून जुनी कर्नल काढली की तो आकडा धाडकन खाली येतो आणि लगेच दिलेली कमांड भुर्रकन होते. पहिल्यांदा वाटतं, जमलं!

तिथेच गफलत आहे. ॲप्टच्या मागे प्रत्यक्ष इन्स्टॉल करणारं डीपीकेजी प्रत्येक पॅकेजची एकेक यादी-फाइल उघडतं. हार्डडिस्कचा वेळ जातो तो या दोनेक हजार फाइल्स शोधत फिरण्यात, यादीतल्या ओळी मोजण्यात नव्हे. चार जुनी कर्नल म्हणजे जेमतेम वीसेक पॅकेजं. दुसरी कमांड पळते ती याद्या आधीच रॅममध्ये आल्या म्हणून. मशीन रीस्टार्ट करून पहिल्याच कमांडची वेळ मोजा, फरक किरकोळ निघतो.

मग कर्नल काढायची कशाला? /बूट साठी, म्हणजे कर्नल ठेवायच्या जागेसाठी. डिस्क एन्क्रिप्ट केलेली असेल तर ते पार्टिशन वेगळं आणि लहान असतं. ते भरलं की नवीन इनिटरामएफएस (मशीन सुरू होताना लागणारी फाइल) अर्धवट राहतं आणि पुढचं प्रत्येक इन्स्टॉल त्याच एररवर अडतं. अशा वेळी ‘ऑटोरिमूव्ह’ही अडू शकतं. आधी ‘युनेम -आर’ने चालू कर्नल बघा, ती सोडून सगळ्यात जुन्या कर्नलची इमेज, मॉड्यूल्स आणि असतील तर मॉड्यूल्स-एक्स्ट्रा एकत्रच ‘डीपीकेजी --पर्ज’ने काढा, मग ‘ॲप्ट -एफ इन्स्टॉल’. चालू कर्नलखेरीज एक जुनी ठेवाच. नव्या कर्नलवर वायफाय किंवा ग्राफिक्स रुसलं तर तीच कामी येते.

‘अपडेट’ला वेळ लागत असेल तर दोष कर्नलचा नाहीच, बहुतेकदा कधीकाळी जोडून विसरलेल्या बाहेरच्या सॉफ्टवेअर सर्व्हरचा. सोर्सेस-लिस्ट-डी या फोल्डरमधल्या, बंद पडलेल्या सर्व्हरच्या नोंदी काढा. ॲप्ट दर वेळी त्या सर्व्हरच्या उत्तराची वाट बघत बसतं. एम. जी. रोडवरच्या दुकानांत या तक्रारीवर सरळ एसएसडी (वेगवान डिस्क) गळ्यात मारतात. डेटाबेस वाचायला ती खरंच उपयोगी आहे, पण मेलेल्या सर्व्हरपुढे तीही तितकाच वेळ थांबते.