टोटल स्टेशन, आठ महिन्यांनंतर: मशीन चांगलं, दुपार वाईट

फेब्रुवारीत टोटल स्टेशन घेतलं, म्हणजे कोन आणि अंतर मोजणारं सर्व्हेचं मशीन. ५ सेकंदांचं (ही कोनाची अचूकता, सेकंद म्हणजे अंशाचा ३६००वा भाग), प्रिझमशिवाय, म्हणजे समोर किरण परतवणारी काच न धरता, ५०० मीटर. सोलापूरकडे रस्ता रुंदीकरणाच्या सर्व्हेला रोज वापरतोय. बॅटरी, कीपॅड, मेमरी ठीक. लिहायचंय ते उन्हाबद्दल. दुकानात एसीत बसून ते कुणी सांगत नाही.

एप्रिलात सकाळी घेतलेला टीबीएम (उंची ठरवलेली तात्पुरती खूण) दुपारी एकला ४०० मीटरवरून तपासला, तर दीड सेंटीमीटर खाली. दुर्बीण उलटी फिरवून दोन्ही फेसला मोजलं, तरी तेच. दुर्बिणीत प्रिझम पाण्यात धरल्यासारखं हलत होतं. प्रिझमचा पोल धरणाऱ्या पोराला फोन करून ओरडलो, "पोल धर नीट!" तो म्हणाला, "दादा, पोलाला बायपॉडचा आधार लावलाय, मी बाभळीखाली बसलोय."

अंतर मात्र मिलिमीटरपर्यंत जुळलं. तिथे कोडं सुटलं. तापलेल्या डांबरावरून कमी-जास्त गरम हवेचे गोळे उठतात, प्रत्येक गोळा भिंगासारखा किरण किंचित वाकवतो. लेसरचा ठिपका फाटतो, लुकलुकतो, भरकटतो. शिवाय खालची हवा जास्त तापलेली, म्हणून किरण सगळाच वर वळतो आणि लक्ष्य खाली दिसतं. मशीन अंतर काढतं ते किरणाला जाऊन यायला लागलेल्या वेळेवरून; त्या वेळेवर याचा परिणाम नगण्य, म्हणून अंतर टिकतं. दिशा बिघडते, म्हणून उभा कोन आणि त्यावरून काढलेली लेव्हल जाते. मशीनमधलं पृथ्वीची वक्रता आणि किरणाचं वाकणं (अपवर्तन) यांचं करेक्शन ०.१३-०.१४ अपवर्तन गुणांक धरतं, म्हणजे किरण थोडा खाली वाकतो असं. तापलेल्या जमिनीलगत दुपारी तो चक्क ऋण होतो.

अंतरासाठीचं तापमानाचं करेक्शन वेगळं, त्यात गोंधळू नका. एका अंशाला साधारण १ पीपीएम, म्हणजे किलोमीटरला १ मिमी. ४२ अंश आणि हवेचा दाब टाकला की काम झालं. थरथरीला असा आकडाच नाही.

आता लेव्हलचं काम सूर्योदयानंतर तास-दीड तासात, नाहीतर मावळतीच्या आधी. तेव्हा जमीन आणि हवा जवळपास सारख्या तापमानाची असतात. दुपारी १५० मीटरच्या पुढे पाय (मशीन ते प्रिझम अंतर) टाकत नाही. ट्रायपॉड उंच, रस्त्याच्या कडेला. उंचीबरोबर थरथर झपाट्याने घटते. अनेक वाचनांची सरासरी काढणाऱ्या मोडने लुकलुक कमी होते, वळलेला किरण सरळ होत नाही. प्रिझमशिवायचे ५०० मीटर मे महिन्यात विसराच, ठिपका पसरतो आणि सिग्नल कमी दाखवतं.

"२ सेकंदांचं घेऊ का?" असं विचारतात. दुपारी डांबरावर दोन्ही सारखीच. जुलैत ढग आले, तेव्हा याच मशीनने दिवसभर ४०० मीटरचे पाय नीट जुळवले.