फॅब्री-पेरो की रडार? वादळातला वरचा वारा मोजताना

भूचुंबकीय वादळात, म्हणजे सूर्याकडून आलेल्या कणांच्या माऱ्याने पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र ढवळून निघतं तेव्हा, २५०-३०० किलोमीटर उंचीवरची हवा तापते, फुगते आणि खालच्या कक्षेतल्या उपग्रहांना मागे ओढते. अलास्कातल्या पोकर फ्लॅट या संशोधन केंद्रात ती मोजायची दोन्ही साधनं आहेत: फॅब्री-पेरो आणि रडार.

फॅब्री-पेरो इंटरफेरोमीटर (प्रकाशाची तरंगलांबी बारकाईने मोजणारं उपकरण) त्या हवेतल्या ऑक्सिजनच्या ६३० नॅनोमीटरच्या लाल प्रकाशाकडे बघतो. त्या प्रकाशाची रेषा, म्हणजे वर्णपटातली अरुंद पट्टी, किती सरकली यावरून वारा कळतो, किती रुंदावली यावरून तापमान. मोजमाप थेट हवेचंच, हे फार मोलाचं. पण ढग आले की काम ठप्प, आणि तिथल्या उजेडी उन्हाळ्यात तर तो बंदच. ५५७.७ नॅनोमीटरच्या हिरव्या रेषेत फसगतही होते: ध्रुवीय प्रकाश तीव्र झाला की तो खालच्या, थंड थरातून येऊ लागतो आणि हवाच गार झाल्यासारखी वाटते.

रडारला ना ढगाची अडचण, ना दिवसाची. शिवाय उंचीनुसार थर वेगळे दिसतात. मात्र ते मोजतं आयन (विद्युतभार असलेले अणू-रेणू) आणि इलेक्ट्रॉन, हवा थेट नाही. वादळात विद्युतक्षेत्र आयनांना हवेतून जोरात पळवतं, घर्षणाने ते हवेपेक्षा जास्त तापतात. वारा मग गणिताने काढावा लागतो, आणि गृहीतकं नेमकी तेव्हाच डळमळतात.

वाऱ्यासाठी माझा कौल फॅब्री-पेरोलाच. हवा कशामुळे तापली हे शोधायचं असेल, तर मात्र रडार हवंच.