‘मदरबोर्ड गेलाय’ म्हणणाऱ्याला आधी प्लग दुसरीकडे लावायला सांगा

डेस्कटॉप चालता चालता अचानक बंद पडतो. निळा स्क्रीन नाही, एरर नाही, लाइट गेल्यासारखा सगळा काळोख. ही तक्रार घेऊन ठाण्यात कुणाला घरी बोलावणार असाल तर आधी हे वाचा. पॉवरचा बिघाड डोळ्यांना दिसत नाही, समोरचा सांगेल ते खरं वाटतं, आणि लबाडाचं नेमकं तिथेच फावतं.

आम्ही वर्तकनगरला राहतो. मी घरून अकाउंट्सची कामं करते. जीएसटी रिटर्नची तारीख तोंडावर आलेली आणि पीसी सारखा मान टाकतोय. शिवाय कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या. नेटवर एक नंबर मिळाला, ‘घरपोच सेवा, व्हिजिट फ्री’. आलेला मुलगा बोलायला गोड. त्याने इव्हेंट व्ह्यूअर (विंडोजमधली बिघाडांच्या नोंदींची वही) उघडलं आणि लाल खुणेच्या ओळीवर बोट ठेवलं. “हे बघा मॅडम, कर्नल-पॉवर ४१, क्रिटिकल. मदरबोर्डचा पॉवर सेक्शन उडालाय, म्हणून बॉडीत करंट उतरतोय. चिप लेव्हलचं काम आहे, इथे नाही होणार.” आणि कॅबिनेट स्कूटरवर ठेवून घेऊन गेला.

संध्याकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ आला, पीसी त्यांच्या टेबलावर मस्त चालू. बिल ३,५०० रुपये अधिक १८ टक्के जीएसटी, म्हणजे ४,१३०. कच्च्या पावतीवर जीएसटी लावला होता, पण जीएसटी नंबर कुठेच नव्हता. नंबर मागितला तर “सर आल्यावर पाठवतो.” हे सर अजून आलेले नाहीत.

घरी आणून नेहमीच्या जागी लावल्यावर पुन्हा तेच. शेवटी ऐरोलीहून भाचा आला. त्याने स्क्रूड्रायव्हरला हातसुद्धा लावला नाही. “मावशी, आधी हा प्लग स्पाइक गार्डमधून काढ, हॉलच्या सॉकेटमध्ये थेट लावू.” दिवसभर एकदाही बंद पडला नाही. मग स्पाइक गार्ड भिंतीपासून काढून उघडला. ज्या खाचेत पीसीचा प्लग असायचा तिथलं प्लास्टिक तपकिरी झालेलं, आतली पितळी पट्टी सैल होऊन काळी पडलेली. प्लग जरा हलला की सप्लाय तुटायचा. अर्थिंगची हिरवी वायरही सुटलेली होती. एसएमपीएस, म्हणजे पीसीला वीज पुरवणारा कॅबिनेटमधला डबा, त्यातल्या फिल्टरचे कपॅसिटर कॅबिनेटच्या बॉडीला जोडलेले असतात, अर्थिंग नसली की तोच बारीकसा करंट हाताला जाणवतो. त्याचा मदरबोर्डशी काही संबंध नाही.

त्या कर्नल-पॉवर ४१ ची गंमत तर बघाच. भाच्याने चालू पीसीची वायर उपटली (तुम्ही करू नका, डेटा जाऊ शकतो), पुन्हा चालू केला, आणि तीच लाल ओळ! ‘मशीन नीट शटडाउन न होता बंद पडलं’ एवढीच ती नोंद. कारण ती सांगतच नाही. आणि तो व्हिडिओ? तिथे सॉकेट वेगळं होतं. काही दुरुस्त न करताही पीसी तिथे चालणारच होता.

एवढ्यावर थांबलं असतं तर मी चार शिव्या घालून गप्प बसले असते. पण भाच्याने सहज कॅबिनेटचा साइड पॅनल उघडला आणि म्हणाला, “हा एसएमपीएस तुझा नाहीये.” माझा ५५० वॅटचा, काळ्या जाळीदार केबलींचा, चांगला जड होता. आत बसवलेला पत्र्याच्या डब्यासारखा हलका, लाल-पिवळ्या उघड्या वायरींचा. वर मोठ्या अक्षरात ५०० वॅट. खाली बारीक तक्ता होता, तो वाचा: १२ व्होल्टला १४ अँपिअर. गुणाकार १६८ वॅट! आजच्या पीसीत प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्डाचा बहुतेक भार या १२ व्होल्टवरच असतो.

माझ्या एसएमपीएसचा खोका माळ्यावर होता, त्यावर सिरियल नंबर होता, म्हणून निदान भांडता आलं. तुम्ही कॅबिनेट घराबाहेर जाऊच देऊ नका. द्यावाच लागला तर पॅनल उघडून रॅम, एसएमपीएस, डिस्क यांच्या लेबलांचे फोटो त्याच्यासमोर काढा आणि पावतीवर नंबर लिहून घ्या. बदललेला जुना पार्ट परत मागा. मल्टिमीटर (व्होल्टेज मोजायचं यंत्र) न काढता निदान करणाऱ्याला चहा पाजून परत पाठवा. १२ व्होल्टची पिवळी वायर ११.४ ते १२.६ च्या बाहेर गेली तर एसएमपीएसवर संशय घ्यायचा, हे तपासायला दोन मिनिटं लागतात.

मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५ ला, तक्रार नोंदवली. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही, हेही त्या दुरुस्तीवाल्याला मेसेज करून कळवलं. त्यानंतर फोन आला. “मॅडम, तुमचा एसएमपीएस चुकून दुसऱ्या कस्टमरच्या पीसीत बसला.” दुरुस्तीचे ३,५०० परत आले. जीएसटीचे ६३० म्हणे सरकारजमा झालेत. एसएमपीएसची वाट बघतेय.