पेपरमिंट म्हणून कुबडी कोळंबी, आणि माझे १२,८५०

घरातल्या खाऱ्या पाण्याच्या टँकसाठी एका 'कोरल डॉक्टर'कडून फसलो, त्याची ही गोष्ट. आधी हिशेब लिहितो, म्हणजे 'नक्की किती गेले' असं कुणी विचारायला नको. फोटोवरून 'तपासणी' १,५००. 'इम्पोर्टेड' डिपची (कोरल बुडवून धुवायच्या औषधाची) बाटली १,६५०. पेपरमिंट श्रिम्प (एक जातीची कोळंबी) सहा, १,४०० ला एक, म्हणजे ८,४००. पॅकिंग आणि रात्रीच्या ट्रॅव्हल्सने मालवणपर्यंत पार्सल १,३००. एकूण १२,८५०. मेलेले झोआ (फुलासारखे उघडणारे मऊ प्रवाळ) यात धरलेले नाहीत. ते धरले तर घरात महाभारत होईल.

मी नवखा नाही हो. चार वर्षं टँक सांभाळतोय. रिफ्रॅक्टोमीटरवर, म्हणजे खारेपणा मोजायच्या यंत्रावर, १.०२५ दिसल्याशिवाय पाणी बदलत नाही. दारात समुद्र आहे, पण पावसाळ्यात त्यातलं बादलीभर पाणी कधी टँकमध्ये ओतलं नाही, कारण खाडीचं गोडं पाणी उतरलं की खारेपणा कुठच्या कुठे जातो. इतकं बघणारा माणूस फसला, हेच जास्त लागलंय.

जुलैअखेर झोआ मिटायला लागले. बाजूला एक एप्टेशिया, म्हणजे डंख मारणारं उपद्रवी समुद्रफूल, दिसला आणि मी गाढवासारखा तो टूथपिकने खरवडला. तुकडा राहिला की त्याचा नवा उगवतो, हे ठाऊक असून. तीन आठवड्यांत सतरा मोजले. नेमका तेव्हाच हा 'कोरल डॉक्टर' भेटला (नाव लिहीत नाही, वकील मित्राने बजावलंय). फोटो पाहून म्हणाला, बुरशी आहे. मिटले होते ते फक्त एप्टेशियाच्या शेजारचे. लांबचे टवटवीत उघडे. डंख बसत होता, दुसरं काही नाही. बुरशी काय शेजार बघून लागते? बाटली उघडली तर जखमेवर लावायच्या औषधाचा ओळखीचा वास. आयोडीन. तेव्हाही गप्प बसलो.

मग त्या श्रिम्प. एप्टेशिया खातात म्हणून मीच मागितल्या. गणपतीत घरात बावीस माणसं, आरती चालू, टाळ काखेत मारून मी त्याचा व्हिडिओ पाहिला. कुबड स्वच्छ दिसत होतं. लाल अंगावर पांढऱ्या रेघा आणि ठिपके. पेपरमिंटचं अंग काचेसारखं, त्यावर लांबीने बारीक लाल रेघा. हे मी स्वतः दोघांना समजावून सांगितलंय! तरी 'हो, पाठवा' लिहिलं आणि पैसे टाकले. तो व्हिडिओ अजून फोनमध्ये आहे. रोज तिथेच थांबवून बघतो.

आल्या त्या कॅमल श्रिम्प, म्हणजे कुबडी कोळंबी, त्यातली एक मेलेली. तिसऱ्या रात्री टॉर्चला लाल कागद लावून पाहिलं, तर पाचही जणी झोआंवर बसून लचके तोडतायत आणि एप्टेशिया बाजूला मजेत डुलतोय.

फोन केला तर म्हणे, तुमच्या पाण्यातलं नायट्रेट वाढलं असेल. वर सल्ला, झोआ चिकटलेले दगड काढून उकळा. मी खरंच मोठा टोप मागायला स्वयंपाकघरात गेलो. बायको म्हणाली, "मोदकाच्या भांड्यात तुमचे किडे शिजायचे नाहीत." तिच्यामुळे वाचलो. झोआंमध्ये पॅलिटॉक्सिन असतं. दगड उकळला की ते वाफेतून छातीत जातं, घरंच्या घरं दवाखान्यात गेलीत. उकळू नका, ब्रशने घासू नका, हात घालताना मोजे घाला. दुसऱ्या दिवशी त्याने ब्लॉक केलं.

आता सरकारदरबार. पोलीस ठाण्यात हवालदार आधी दोन मिनिटं हसले. "बंदरार टोपलीभर सुंगटां गावतत, आणि तुम्ही सहाक साडेआठ हजार दिलात?" मग गंभीर होऊन, "वस्तू मिळाली ना? मग फसवणूक कसली, हा दिवाणी वाद." अहो, हापूस सांगून रायवळ दिला तर? त्यावर उत्तर, साहेब बंदोबस्ताला गेलेत. चार दिवसांनी गेलो, साहेब विसर्जनाला. त्यानंतर गेलो तर अर्ज कुठे ठेवला तेच कुणाला आठवेना. एका कार्यालयात म्हणाले, शोभिवंत मासे आमच्याकडे, कोरल वनखात्याकडे. तिथे गेलो तर साहेबांनी चष्मा वर करून विचारलं, "प्रवाळ? घरात?" १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात दगडी प्रवाळ पहिल्या अनुसूचीत आहेत, वाघाच्या पंगतीला. माझ्याकडे फक्त झोआ आणि लेदर (तेही मऊ प्रवाळच), दगडी एकही नाही, हे सांगेपर्यंत त्यांनी माझाच पत्ता लिहून घ्यायला कागद ओढला. तक्रारदार गेलो, आरोपी होता होता आलो.

ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंत फी नाही आणि आपण राहतो त्याच जिल्ह्यात दाखल करता येतं. पण समोरच्याचा पत्ता हवा. माझ्याकडे आहे एक यूपीआय आयडी आणि "बिल केलं तर जीएसटी पडेल सर" हा मेसेज. बिल नको म्हणणाऱ्याला तिथेच नमस्कार करा. आणि पैसे गेल्याचं कळताच १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन लावा. मी लाजेपायी अकरा दिवस घालवले.

नवीन प्राणी थेट टँकमध्ये सोडू नका, हेही मीच सगळ्यांना सांगायचो. पाच कॅमल आता खाली संपमध्ये (टँकखालच्या जोडटाकीत) आहेत. खाणं नियमित चालू आहे, माझ्याच पैशाने. एकीच्या पोटाला काल अंडी दिसली.